गावातल्या पुस्तकांना वर जायची वाट द्या

प्रति,
मा. ग्रंथालय संचालक,
महाराष्ट्र राज्य, मुंबई.

विषय : खेड्यापाड्यांतल्या वयस्क वाचकांकडची जुनी पुस्तकं रद्दीत जाण्याआधी स्वीकारण्याची व्यवस्था करण्याबाबत.

महोदय,



भाद्रपद सरत आला की आमच्या मराठवाड्यात घरोघर दसरा काढतात. गोधड्या धुवायला जातात, भांडी खाली उतरतात, भिंतींना चुना लागतो, माळ्यावरच्या पेट्या अंगणात येतात. याच दिवसांत भंगारवाल्याचा गाडा गल्लीत जास्त फिरतो. गाड्यात पत्रा असतो, बाटल्या असतात, फुटक्या बादल्या असतात आणि पुस्तकं असतात. गावातल्या कुणा म्हाताऱ्या माणसाने पोटाला चिमटा घेऊन जमवलेली पुस्तकं किलोवर जातात. हे पत्र त्या पुस्तकांबद्दल आहे, आणि ती ज्यांनी जमवली त्यांच्याबद्दलही.

मी परभणी-जिंतूर रस्त्यावरच्या झरीचा. जिल्हा परिषदेच्या शाळेत हयात गेली. आता पंचाहत्तरी ओलांडली आहे. माझ्या बरोबरीचे बरेच जण गेले, जे आहेत ते घराघरांत बसून आहेत. कुणी शिक्षक होता, कुणी ग्रामसेवक, कुणी पोस्टमास्तर, कुणी भजनी मंडळाचा विणेकरी, तर कुणी चार इयत्ता शिकलेला पण हाती लागेल ते वाचणारा शेतकरी. यांच्याकडे पुस्तकं आहेत. एखाद्याकडे एक फळी, एखाद्याकडे दोन पेट्या, क्वचित कुणाकडे कपाटभर. त्यांचं पुढे काय करायचं, हा प्रश्न आता आम्हा सगळ्यांच्या दारात उभा आहे.

हा प्रश्न म्हातारपणाच्या बाकीच्या अडचणींत मिसळलेला असतो, म्हणून तो बाहेरच्या माणसाला दिसत नाही. मोतीबिंदू काढला तरी बारीक टाइप संध्याकाळनंतर वाचवत नाही. वरच्या फळीवरचं पुस्तक काढायला स्टुलावर चढावं तर घरची माणसं रागावतात, आणि त्यांचं बरोबर आहे. या वयात खुब्याचं हाड मोडलं तर माणूस अंथरुणाला खिळतो. जुने गठ्ठे सोडले की धूळ उडते आणि खोकला रात्रभर झोपू देत नाही. पूर्वी माळवदाच्या घराच्या जाड भिंतींत देवळ्या होत्या, त्यांत पोथ्या आणि पुस्तकं कोरडी राहत. माळवदं पाडून स्लॅबची घरं झाली, देवळ्या गेल्या, पुस्तकं पत्र्याच्या पेट्यांत आणि पलंगाखाली गेली. तिथे कसर लागते, एका पावसाळ्यात वाळवी आतून गठ्ठा पोखरते. दरवर्षी कडुलिंबाचा पाला बदलायचा, पुस्तकांना ऊन दाखवायचं, पुन्हा भरून ठेवायचं, हे काम आता हातून होत नाही. मुलं पुण्याला, संभाजीनगरला, दोन खोल्यांच्या घरात. त्यांना वडिलांची पुस्तकं नकोत असं नाही, त्यांच्याकडे भिंत नाही. नातवंडं इंग्रजी माध्यमात. मग पुस्तकवाला माणूस एक दिवस डोळे मिटतो आणि तेराव्यानंतर त्या पेट्या अंगणात येतात. त्यात दोष कुणाला द्यावा असं काही नसतं.

ज्यांना पुढचं दिसतं ते जिवंतपणीच आवराआवर करू पाहतात. मीही ते करतो आहे. हे काम वरून दिसतं तितकं सोपं नाही. प्रत्येक पुस्तक हातात घेऊन ठरवावं लागतं : हे ठेवायचं, हे कुणाला द्यायचं, हे सोडायचं. यातलं 'हे कुणाला द्यायचं' इथे गाडं अडतं. एका संस्थेकडे चांगल्या अवस्थेतली निवडक पुस्तकं नेली, तर कपाट नाही म्हणून ती परत पाठवली गेली. शाळेला द्यावीत तर शाळेची खोली आधीच शासनाकडून आलेल्या पुस्तकांनी भरलेली. परभणीला न्यावीत तर गठ्ठा उचलून एसटीत चढणं आता शक्य नाही. शासनाने २०२२ पासून पंचाहत्तरी पार केलेल्यांना एसटीचा प्रवास मोफत केला, त्याबद्दल मनापासून आभार. पण एसटी माणसाला नेते, त्याची पेटी उचलायला कुणी लागतंच.

आता मुख्य मुद्द्यावर येतो. आमच्या पेट्यांतलं सगळंच जपण्यासारखं आहे असा माझा दावा नाही. दहावीची गाइडं, अपेक्षित प्रश्नसंच, ज्यांच्या हजारो प्रती निघाल्या त्या कादंबऱ्या, जुन्या दिवाळी अंकांची चवड, फाटकी पाठ्यपुस्तकं यांतलं बरंच रद्दीत जाणं योग्य आहे, आणि तसं स्पष्ट सांगणारं कुणीतरी हवं. पण त्याच पेटीत तळाशी असं काही असतं जे मुंबईत नाही, पुण्यात नाही, कुठेच नाही.

एक उदाहरण देतो. माझ्यासमोर आत्ता जिल्ह्यातल्या एका शाळेची रौप्यमहोत्सवी स्मरणिका आहे. मुखपृष्ठ गेलेलं आहे, पिना गंजून मधल्या पानांवर तांबडे डाग पडले आहेत. सुरुवातीला पुढाऱ्यांचे संदेश, ते सोडून देऊ. मग माजी विद्यार्थ्यांची गाववार यादी. त्यानंतर एका शिक्षकाने लिहिलेली १९७२ च्या दुष्काळाची हकीगत : शाळेच्या आवारात सुकडी कशी शिजायची, खडी फोडायला गेलेल्या बायांची लेकरं दिवसभर शाळेत कशी ठेवली होती. शेवटी एक तक्ता आहे. आसपासच्या गावांत कोणत्या विहिरीला उन्हाळ्यात पाणी टिकलं आणि कोणती आटली, याची नोंद. मागच्या पानांवर परभणीच्या मोंढ्यातल्या दुकानांच्या जाहिराती, तीन आकडी टेलिफोन क्रमांकांसह. असा तक्ता करायला उद्या एखादा अभ्यासक निघाला तर त्याला तो कुठल्या कार्यालयात मिळेल? ज्या विहिरींबद्दल तो आहे त्यांतल्या काही बुजल्या, ज्याने तो केला तो माणूस गेला. उरली ही स्मरणिका, आणि रद्दीत तिचं वजन पाव किलोही भरणार नाही.

असा कागद सरकारी फळीवर का नाही, याला इतिहास आहे, आणि तो आपल्या खात्याला माहीत असावा असं वाटतं. ब्रिटिश हिंदुस्थानात १८६७ चा छापखाने व पुस्तक नोंदणीचा कायदा होता. छापलेल्या पुस्तकाची प्रत सरकारात जमा करावी लागे, म्हणून मुंबई इलाख्यातल्या मराठी छपाईचा माग लागतो. परभणी तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होती. तो कायदा इथे लागू नव्हता. १७ सप्टेंबर १९४८ ला मराठवाडा मुक्त झाला. त्यानंतर १९५४ चा केंद्रीय कायदा आला आणि प्रकाशकाने कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला व मुंबई, चेन्नई, दिल्ली इथल्या ग्रंथालयांना प्रत पाठवणं बंधनकारक झालं. पण गावाची स्मरणिका, सहकारी सोसायटीचा अहवाल, कीर्तनकाराने स्वखर्चाने छापलेलं चरित्र, सत्याग्रहींची आठवणवही यांच्या छापणाऱ्यांना त्या कायद्याचं नावही ठाऊक नव्हतं. त्यामुळे आमच्या भागातली कितीतरी छपाई कोणत्याही सरकारी फळीवर कधी चढलीच नाही. ती घरांतच राहिली. आता ती घरांतून निघते आहे.

आ. कृ. वाघमाऱ्यांनी १९३८ साली सुरू केलेलं 'मराठवाडा' पत्र निजाम सरकारने बंदी घातली की नवं नाव घेऊन निघत असे. बंदी घातलेले अंक आमच्या वडीलधाऱ्यांनी कडबा आणि धान्याच्या कणगीआड लपवून ठेवले. निजामाच्या पोलिसांपासून जे वाचलं ते दसऱ्याच्या साफसफाईत जावं, याचं मला फार वाईट वाटतं. आमच्याच परभणीत बांधकाम खात्यात कारकुनी करून बी. रघुनाथांनी कविता, कथा, कादंबऱ्या लिहिल्या आणि १९५३ साली, चाळिशीतच, ते गेले. त्यांच्या नावाचं सभागृह परभणीत आहे, ही अभिमानाची गोष्ट. पण त्यांच्या हयातीत निघालेली एखादी आवृत्ती खेड्यातल्या पेटीत सापडली, तर ती कुणाकडे सोपवायची हे त्या घरच्यांना कळायला हवं.

पुस्तकाबाहेरचंही बोलतो. पुस्तकाच्या पानांत पावत्या असतात, पत्रं असतात, पहिल्या पानावर शिक्के असतात. माझ्याकडच्या एका पुस्तकावर वसमतच्या वाचनालयाचा शिक्का आहे, 'जि. परभणी' असा. १ मे १९९९ ला हिंगोली जिल्हा वेगळा झाला आणि वसमत, तसंच नरहर कुरुंदकरांचं कुरुंदा, तिकडे गेलं. कोणत्या गावात कोणतं वाचनालय होतं, तिथे काय वाचलं जात होतं, हे असल्या शिक्क्यांवरूनच कळतं. जुन्या कागदाची किंमत काय असते हे २०२३ साली सगळ्या मराठवाड्याने पाहिलं. कुणबी नोंदी शोधण्यासाठी शासनाने न्या. संदीप शिंदे समिती नेमली, तेव्हा निजामकालीन दप्तरं धुंडाळावी लागली आणि मोडी व उर्दू वाचणाऱ्यांची गावोगाव शोधाशोध झाली. ज्यांच्या वडिलांनी कागद जपले होते त्यांना ते त्या वेळी उपयोगी पडले. कागद रद्दीत टाकताना उद्या त्याची गरज कुणाला लागेल हे कुणालाच ठाऊक नसतं.

आपल्या राज्यात १९६७ चा सार्वजनिक ग्रंथालय कायदा आहे. आमच्या मराठवाड्याला तर त्याआधी बारा वर्षं, १९५५ सालीच, हैदराबाद राज्याचा ग्रंथालय कायदा मिळाला होता. कायद्याच्या आधाराने अकरा-बारा हजार मान्यताप्राप्त वाचनालयं उभी राहिली. अ, ब, क, ड वर्ग झाले, अनुदान ठरलं, जिल्ह्याजिल्ह्यात ग्रंथालय अधिकारी आले. कोलकात्याच्या राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठानकडून पुस्तकं येतात. दरवर्षी जिल्ह्यात ग्रंथोत्सव भरतो. हे सगळं चांगलं आहे आणि तोकड्या पगारावर वाचनालय उघडं ठेवणाऱ्या ग्रंथपालांमुळे ते टिकून आहे. पण नीट पाहिलं तर या सगळ्या योजना एकाच दिशेच्या आहेत. पुस्तकं मुंबईहून, पुण्याहून, कोलकात्याहून गावाकडे येतात. गावाकडे जे आहे ते तालुक्याला, जिल्ह्याला, विभागीय ग्रंथालयाला जाण्याची वाट कुणी आखलेलीच नाही. गाव फक्त घेणारं आहे, देण्यासारखं त्याच्याकडे काही नाही, असं गृहीत धरलं गेलं. माझं सगळं म्हणणं या एका गोष्टीपुरतं आहे : ते गृहीतक सोडा आणि गावातल्या पुस्तकांना वर जायची वाट द्या.

ती वाट अवघड नाही. मी काही सूचना करतो.

पहिली, वेळ. पुस्तकं स्वीकारण्याचा एक पंधरवडा ठरवा आणि तो घटस्थापनेच्या आधीचा ठेवा, म्हणजे भाद्रपदाचा शेवट. १५ ऑक्टोबरचा वाचन प्रेरणा दिन चांगला आहे, पण बहुतेक वर्षी तोवर दसरा काढून झालेला असतो आणि गाडा गल्लीतून गेलेला असतो.

दुसरी, निवड. प्रत्येक जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्याने एका पानाची यादी काढून ग्रामपंचायतीच्या फलकावर, शाळेत आणि भजनी मंडळाच्या मंदिरात लावावी. 'हे रद्दीत देऊ नका' एवढंच तिचं शीर्षक. त्यात स्मरणिका, स्थानिक संस्थांचे अहवाल, १९५० च्या आधीचं कोणतंही छापील मराठी, उर्दू किंवा मोडीतला कागद, हस्तलिखित पोथी, स्वातंत्र्यलढ्यातली पत्रं आणि अंक, रोजनिशी, गावच्या जत्रेची हस्तपत्रकं असावीत. ज्यांना पुस्तकांची जाण नाही अशा सुनेला आणि नातवालाही ती यादी पाहून गठ्ठ्यातलं वेगळं काढता येईल.

तिसरी, चाळणी. वाचनालयात आलेल्या पुस्तकांचे तीन भाग करावेत. गावच्या वाचनालयाने ठेवायची, जिल्ह्याला किंवा संभाजीनगरच्या विभागीय ग्रंथालयाला पाठवायची, आणि रद्दीत द्यायची. या कामाला नवी पदं लागणार नाहीत. परभणीच्या महाविद्यालयांतले मराठीचे आणि इतिहासाचे विद्यार्थी आहेत. शंभरी ओलांडलेलं गणेश वाचनालय आहे. निवृत्त शिक्षक तर आमच्याकडे गावोगाव आहेत आणि त्यांना हे काम आनंदाचं वाटेल. शंकर गणेश दात्यांनी १८०० ते १९५० या काळातल्या मराठी पुस्तकांची सूची केली. संस्थेचं काम वाटावं एवढं ते मोठं, पण एका माणसाने ते हाती धरून तडीस नेलं. आपल्याकडे तर एक अख्खं खातं आहे.

चौथी, नोंद. जिल्ह्याला गेलेल्या प्रत्येक वस्तूला दाखल क्रमांक मिळावा, आणि देणाऱ्याला एक पावती. पावतीवर पुस्तकाचं नाव, देणाऱ्याचं नाव, गाव आणि ते आता कुठे आहे, एवढं पुरे. म्हाताऱ्या माणसाला पैसे नको असतात. आपलं पुस्तक कुठल्या फळीवर आहे हे त्याला ठाऊक असलं की तो निश्चिंत होतो. नसेल तर तो ते शेवटपर्यंत उशाशी धरून बसतो आणि त्याच्यामागे ते गाड्यावर जातं.

पाचवी, वाहतूक. पंचाहत्तरीपुढच्यांच्या घरून पेटी उचलण्याची सोय करा. नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या आश्रयाखाली विनायक रानडे यांनी २००९ साली 'ग्रंथ तुमच्या दारी' सुरू केलं आणि पुस्तकांच्या पेट्या देशोदेशी पोचल्या. पेटी दारात येऊ शकते, तर दारातून जाऊही शकते. ग्रंथोत्सवात विक्रीचे इतके स्टॉल लावता, तिथे पुस्तकं घेणारं एक टेबल मांडा. वाहतुकीसाठी वाचनालयाच्या अनुदानात छोटी रक्कम वेगळी धरा. आधीच ओढाताण असलेल्या ग्रंथपालाच्या खिशावर हा भार टाकू नका.

यासोबत एक विनंती वाचकांसाठी. पुस्तकं दिली म्हणजे वाचन संपलं असं नाही. जे थोडं आम्ही जवळ ठेवतो ते वाचायला आम्हाला मोठा टाइप लागतो. ज्ञानेश्वरी आणि गाथा मोठ्या अक्षरांत मिळतात, कारण पोथी मांडून वाचण्याची परंपरा आहे. कथा-कादंबऱ्या, आत्मचरित्रं मोठ्या अक्षरांत फार थोडी निघतात. वाचनालयांच्या खरेदीत अशा पुस्तकांना जागा मिळाली तर प्रकाशक ती काढतील. राज्याने २०२४ मध्ये वयोश्री योजनेतून पासष्टीपुढच्या गरजूंना चष्मा, श्रवणयंत्र अशा साधनांसाठी तीन हजार रुपये द्यायचं ठरवलं. चष्मा मिळाल्यावर त्यातून वाचता येईल असं पुस्तकही गावच्या वाचनालयात असावं.

परभणीत १९९५ साली नारायण सुर्व्यांच्या अध्यक्षतेखाली अखिल भारतीय साहित्य संमेलन झालं. झरीपासून, बोरीपासून माणसं तिकडे लोटली होती. एरवी बियाण्याला पैसे नसणाऱ्यांनी त्या तीन दिवसांत पुस्तकं घेतली, पिशव्या भरून आणली. तेव्हा चाळिशी-पन्नाशीत असलेली ती माणसं आज सत्तर-ऐंशीची आहेत. त्यांची कपाटं येत्या दहा-पंधरा वर्षांत रिकामी होणार, हे उघड आहे. तीच आपल्याकडची मुदत आहे. त्यानंतर केलेल्या व्यवस्थेला घ्यायला काही उरणार नाही.

आणि गावकऱ्यांनो, लेकीसुनांनो, शासन काही करेल तेव्हा करेल. तोवर एवढं करा. घरातलं म्हातारं माणूस जिवंत आहे तोवर त्याच्या शेजारी बसा, पेटी उघडा आणि प्रत्येक पुस्तकाबद्दल त्याला विचारा : हे कुठून आणलं, यात काय आहे, हे कुणाला द्यायचं? तो सांगेल ते आतल्या पानावर पेन्सिलीने लिहून ठेवा. मग जे द्यायचं ते द्या, जे टाकायचं ते बिनदिक्कत टाका.

संचालक महोदय, येत्या भाद्रपदात परभणी जिल्ह्यापासून सुरुवात करा. झरीच्या मोजक्या घरांतल्या पेट्या उघडून, तीन भाग करून, यादी लिहून ठेवण्याचं काम आम्ही निवृत्त मंडळी फुकट करू. आपल्याकडून एक परिपत्रक, एक गाडी आणि दाखल नोंदवही एवढंच हवं आहे.

आपला विश्वासू,
एक निवृत्त शिक्षक
झरी, ता. जि. परभणी